फोनला माझा आवाज हीण वाटला

ज्याच्या गळ्याला भोक पडलंय किंवा पडणार आहे, त्याच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तर माझी ना नाही, पण त्यांना अर्ध्या गोष्टी खोट्या वाटतील.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. म्हणजे सातवीत बसलो होतो, उठलो कसा ते विचारू नका. पुढं गावच्या रिवाजाप्रमाणे मामाच्या मागं कलकत्त्याला आलो, सोनं गाळायला, म्हणजे गलाईला. आमच्या विटा-खानापूर भागातली माणसं देशभर हाच धंदा करतात. सोनाराकडचं मोडीचं सोनं आणायचं, त्याच्या दुकानाची झाडलेली धूळसुद्धा आणायची, मुशीत घालून भट्टीत वितळवायची, तेजाबात टाकून हीण काढायचं आणि चोख सोनं त्याच्या हातावर ठेवायचं. आमची भट्टी बहूबाजारच्या एका गल्लीत होती. घर बेहालाला. नाव दत्तू, म्हणून इकडचे लोक दत्तबाबू म्हणतात आणि मला बंगालीच समजतात. मी त्यांची समजूत काढायला जात नाही. मासेवाला ताजा मासा देतो, आपलं काय जातंय?

डॉक्टर म्हणाले, रोग तंबाखूनं झाला. मी म्हणालो, तेजाबाच्या वाफेनं झाला. दोघांचंही खरं असेल. झाला तो झाला.

गळा माझा, बातमी फोनला

शालन, माझी बायको, गेली त्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा माझा आवाज बसला. लोक म्हणाले, रडून बसला असेल. मी रडलोच नव्हतो. गुळण्या केल्या, आल्याचा रस झाला, शेवटी मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तपासण्या झाल्या आणि निकालाच्या दिवशी मुलाचा फोन आला.

मुलगा महेश, पुण्याला नोकरीला. जन्म, शाळा, कॉलेज सगळं इथलं, त्यामुळं मराठी बोलतो पण मधेच बंगाली घुसतं. म्हणाला, "अण्णा, डॉक्टरांच्या खोलीत गेलात की व्हिडिओ लावा. मी बोलतो त्यांच्याशी. तुम्ही एकदम चिंता कोरू नका."

लावला. फोन डॉक्टरीणबाईंच्या तोंडासमोर धरला. त्या माझ्याकडं एकदा बघून हसल्या आणि फोनशी बोलायला लागल्या, इंग्रजीत. महेश विचारतोय, त्या सांगतायत, महेश गप्प होतोय, परत विचारतोय. माझा हात भरून आला, पण हलवला नाही. हललो असतो तर त्याला बाई दिसल्या नसत्या. म्हणजे बघा, मी त्या खोलीत पेशंट नव्हतो, स्टँड होतो. मला कॅन्सर झाल्याची बातमी मुलाला माझ्या आधी समजली, आणि ती मी माझ्या हातानं धरून त्याला दाखवली.

तो एक शब्द मात्र मला कळला. तो सगळ्या भाषांत तोच आहे.

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. आतनं महेश ओरडतोय, "अण्णा, सगळं काळं दिसतंय! अण्णा!" मी बाईंना हिंदीत म्हणालो, उरलासुरला आवाज काढून, "दीदी, गला मेरा है. मुझसे बात कीजिए."

बाई चांगल्या होत्या. खुर्ची पुढं ओढून घेतली आणि साध्या हिंदीत सांगितलं. आवाजाची पेटी काढावी लागेल. श्वास गळ्याच्या भोकातनं घ्यावा लागेल. जगाल. मी विचारलं, बोलता येईल? म्हणाल्या, पहिल्यासारखं नाही. मग फोन उलटा करून महेशला म्हणालो, "ऐकलंस? आता मला पण कळलं."

तुम्हाला सांगणं एवढंच. लांबच्या मुलाला व्हिडिओवर जरूर घ्या, त्याला चार गोष्टी जास्त कळतात. पण आधी स्वतः ऐका. फोन दुसऱ्या नंबरला.

सीरियस आहे, निघून या

पुढचं समजायला आमच्यातला एक रिवाज सांगावा लागेल. आमची माणसं मुलखावर पसरलेली. कलकत्त्यापासून गावापर्यंत रेल्वेनं दोन रात्री. वाटेत माणूस एकटा कोसळू नये म्हणून मरणाची बातमी फोनवर कोणी सरळ सांगत नाही. "आई सीरियस आहे, निघून या" एवढंच म्हणायचं. ऐकणारा काय ते समजतो. कुठल्या हॉस्पिटलात, काय झालंय, काही विचारत नाही. "बरं" म्हणतो आणि पिशवी भरतो.

शालन सकाळी गेली, स्वयंपाकघरातच. तिचा फोन फळीवर चहाच्या डब्याला टेकवलेला असायचा. रोज नातीशी, सुनेशी व्हिडिओवर बोलत बोलत भाजी चिरायची. मी कधी त्यात तोंड घातलं नाही. म्हणायचो, भिंतीशी बोलतेस काय. त्या दिवशी फोन चालू व्हायच्या आतच ती खाली बसली आणि संपलं.

महेश विमानानं आला. गावाकडं धाकट्या भावाला, नामाला मी फोन केला, "शालन सीरियस आहे." तो "बरं" म्हणाला. जरा वेळानं त्याचाच व्हिडिओ आला. "दादा, आम्ही काय पोचत न्हाय. वैनीचं तोंड तरी दाव." वरच्या मजल्यावरच्या बौदींनी, म्हणजे शेजारच्या वहिनींनी, फोन धरला. तिकडं अंगणात सगळी भावकी एका फोनभोवती जमलेली. आणि नेट अडकलं. शालनचं तोंड पडद्यावर तसंच थांबलं. इथं आम्ही तिला उचललं, जिना उतरवलं, गाडीत घातलं, तरी तिकडं ती होती तिथंच. बायका हात जोडून बघतायत.

नंतर नामा म्हणाला, "दादा, लई वेळ होती रं वैनी आमच्यापाशी."

हा त्या फोनचा फायदा म्हणू की तोटा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्या मयताला आलेली माणसं

ऑपरेशन झालं तेव्हा महेश इथं होता, सूनबाई प्राजक्ता पुण्यात. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, मोठं ऑपरेशन आहे, पहिले दिवस जपायचे. त्यानं ते प्राजक्ताला सांगितलं. ती पुण्याचीच, गुणाची पोर. तिला वाटलं, गावाकडं कळवायला हवं. तिनं नामाला फोन करून सांगितलं, "काका, अण्णा सीरियस आहेत. पण तुम्ही काळजी करू नका, महेश आहे तिथं."

नामा "बरं" म्हणाला.

ती बिचारी समजली, काकांनी किती शांतपणे घेतलं! आणि नामा समजला, पोरगी किती धीराची! फोन खाली ठेवला आणि तिकडं रडारड सुरू झाली. गावच्या ग्रुपवर माझा फेटा बांधलेला फोटो आला, एका लग्नातला, हार घातलेला. खाली भावपूर्ण श्रद्धांजली. तो बहूबाजारात पोचला. आमच्या गल्लीत कोणी गेलं की भट्ट्या विझवतात. विझवल्या. आणि सगळे गलाईवाले आंघोळी करून, खांद्यावर पंचे टाकून मला न्यायला हॉस्पिटलच्या दारात उभे.

महेश खाली चहाला गेलेला. म्हणाला, "काका, तुम्ही सगळे? भेटायची वेळ चारला असते."

आमचा जुना सोबती भाऊसाहेब त्याच्या गळ्यात पडला. "रडून घे पोरा, रडून घे."

"का?"

पुढचा घोळ निस्तरायला वेळ लागला. महेशनं नामाला फोन केला, अण्णा ठीक आहेत म्हणून. नामा कशाला विश्वास ठेवतोय? आमच्यात माणूस गेल्यावरसुद्धा फोनवर ठीक आहेच म्हणतात. "माज्याशी बोलीव," म्हणाला. बोलवणार कसा? पेटी काढून टाकलेली. मग सिस्टरच्या हातापाया पडून महेशनं माझ्या खाटेशी व्हिडिओ लावला. नाकात नळी, गळ्यात नळी, तोंड सुजलेलं. पडद्यावर नामा, मागं अख्खं अंगण.

"दादा?"

मी बघितलं त्याच्याकडं.

नामा मागं वळून म्हणाला, "आरं, ह्यो फोटो तर न्हवं? वैनीवानी आडकलाय का काय?" आणि जोरात ओरडला, "हल रं दादा! जरा हल!"

सुया टोचलेला हात मी उचलला आणि अंगठा हलवून नामाला ठेंगा दाखवला.

तिकडं जो कालवा झाला तो वॉर्डातल्या सगळ्या खाटांनी ऐकला. शेजारचे मुखर्जीबाबू घाबरून उठून बसले. रडणाऱ्या बायका हसायला लागल्या, नामा मात्र तेव्हा कुठं रडायला लागला. मी पडल्या पडल्या एकेक तोंड नीट बघून घेतलं. कोण खरं रडलं, कोणी नुसता पदर धरला, सगळं दिसलं. आपल्या मयताला कोण आलं हे बघायला मिळणं कोणाच्या नशिबात असतं? साधा फोन असता तर मी त्या दिवशी मेलोच होतो. व्हिडिओनं जिवंत केलं. हे त्याचं देणं मी मानतो.

रविवारची बैठक

नाकातली नळी निघाली, घरी आलो. महेश काही दिवस राहिला, मग नोकरीवर गेला. आणि दर रविवारी व्हिडिओवर बैठक भरायला लागली. महेश, प्राजक्ता, गावाकडनं नामा आणि मी. विषय एकच. दत्तूचं काय करायचं?

महेशचं ठरलेलं होतं. बेहालाचं घर भाड्यानं द्यायचं, दुर्गापूजा झाली की मला पुण्याला न्यायचं. "एकटे कसे राहणार, अण्णा? गळ्यात कफ अडकला तर कोणाला हाक मारणार?"

प्रश्न खोटा नव्हता. म्हणून जास्त राग यायचा. मला ह्या घरातनं हलायचं नव्हतं. शालन ह्या फरशीवर बसली ती उठली नाही, आणि मी ती फरशी भाडेकरूच्या पायाखाली देऊ? पण हे बोलणार कोण? मी पाटीवर लिहायचो. एक वाक्य लिहून होईपर्यंत ते तिघं तीन गावं पुढं गेलेले. वर करून दाखवावं तर फोनमध्ये माझी अक्षरं मलाच उलटी दिसायची. म्हटलं, त्यांनाही तशीच दिसत असणार. मग मी आठवडाभर बसून उलटं लिहायला शिकलो, आणि रविवारी मोठ्या ऐटीत पाटी धरली. महेश बघतच राहिला. म्हणाला, "अण्णा, हे उर्दू आहे का?" त्यांना आधी सरळच दिसत होतं! फोन फक्त मलाच उलटं दाखवत होता. महेशनं नामाला हळूच विचारलं, डोक्यावर काही परिणाम झाला असेल का.

मुका झालेल्याला लोक बहिरा समजतात, आणि बहिऱ्याला खुळा. माझ्यासमोर माझ्याबद्दल "त्यांना" म्हणून बोलायचे. एकदा लिहिलं, "शालननं हाक मारली होती. मी दोन हातांवर होतो. हाकेनं काय होतं?" लिहिलं आणि दाखवायच्या आत पुसून टाकलं. पोराची आई होती ती.

मफलरचंही तसंच. प्राजक्ता म्हणाली, "अण्णा, व्हिडिओवर तेवढा मफलर गुंडाळाल का? मुलगी घाबरते." कलकत्त्यात थंडीत मफलर गुंडाळून फिरलं तर कोणी वळून बघत नाही. पण मी वैशाखात गुंडाळला. घामानं भोकावरचं फडकं भिजायचं.

ते सगळं सोसलं. मग एका रविवारी महेश सहज बोलून गेला, "आईच्या साड्या पण कुणाला तरी देऊन टाकू ना. कपाट उगाच भरलेलं."

मी फोन बंद केला. अडकला असेल म्हणून ते परत परत लावत राहिले.

हवा खा

हॉस्पिटलात बिमलदा भेटले. सियालदहच्या घाऊक बाजारात लिंबाचा लिलाव पुकारणारा माणूस. आवाजावर पोट, आणि त्याचाच आवाज माझ्यासारखा कापून काढलेला. पण बोलायचे! ढेकरेवर बोलायचे. तोंडानं हवा गिळायची, अन्ननळीत धरायची आणि ढेकर बाहेर येताना तिचा शब्द करायचा. माझ्या खाटेशी येऊन पहिलंच वाक्य म्हणाले, "हावा गिलुन, दत्तबाबू. तारपर ढेकुर." बंगालीत ढेकरेला ढेकुरच म्हणतात, मला दुभाषा लागला नाही.

घरी आल्यावर रोज सकाळी त्यांची शिकवणी व्हिडिओवर. इथं मात्र ह्या फोनला मी हात जोडतो. ते त्यांचा गळा पडद्याजवळ आणायचे, हवा आत जाताना दाखवायचे, माझा गळा बघून हात उडवायचे, चूक, चूक. साध्या फोनवर हे कोण शिकवेल? मेट्रो झाली म्हणून काय, त्या दिवसांत मला जिना उतरवत नव्हता.

किती आठवडे नुसत्या ढेकरा. बौदींना वाटलं, मला पित्त झालंय. जवखार आणून दिला. मग एक दिवस "पा" आला. नंतर "टा". नंतर "का". बिमलदा फोनमध्ये नुसते बघत राहिले. "कोथाय? किछु शुनछि ना!" मी परत म्हणालो. घरात मला स्पष्ट ऐकू येतंय, त्यांना शून्य. ते शेवटी मेट्रोनं बेहालाला आले, समोर बसले आणि टाळी वाजवली. समोर येतो, फोनवर नाही. दोघांनाही उमगेना.

प्राजक्तानं शोधून काढलं. ती कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. एकदा दुपारी तिनं एकटीनं व्हिडिओ लावला, नातीच्या शाळेचं काहीतरी दाखवायला. माझं तोंड हलताना तिनं बघितलं. "अण्णा, तुम्ही बोलताय? आवाज येत नाहीये." जरा विचार करून म्हणाली, "हा फोन पंख्याचा, कुकरचा, रस्त्याचा आवाज काढून टाकतो. फक्त माणसाचा आवाज पुढं पाठवतो. तुमचा..."

मी पाटीवर लिहिलं, "माझा माणसात धरला नाही."

असा राग मला कॅन्सरचाही आला नव्हता. जन्मभर मी सोन्यातलं हीण काढलं, आणि हा दीडदमडीचा डबा माझाच आवाज हीण समजून काढून टाकतोय! कुठल्या कसोटीवर घासलास रे? आमच्यात कसोटीचा दगडसुद्धा माणूस आधी ओळखीच्या सोन्यावर पारखून घेतो.

प्राजक्ता हसली नाही. कुठं दाबायचं, मग कुठं, मग काय बंद करायचं, सगळं सावकाश सांगितलं. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा म्हणाली, "आता बोला."

"पा."

मला वाटलं, नाहीच गेला.

"आला, अण्णा. ‘पा' म्हणालात तुम्ही."

मी पाटीवर लिहिलं, "महेशला सांगू नको." तिनं मान डोलावली. आणि जाता जाता म्हणाली, "मफलर नका घालू आता. मी मुलीला समजावते. चुकलंच माझं."

वास

गळ्यानं श्वास घेतला की नाक रिकामं राहतं. वास येत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो. फोडणीचा नाही, चहाचा नाही, गॅस गळतोय त्याचाही नाही.

मी शालनच्या मागं रोज तिचं कपाट उघडून उभा राहायचो. डांबरगोळ्या, तिचं खोबरेल, आणि आणखी काहीतरी जे तिचंच होतं. हॉस्पिटलातनं आल्यावर उघडलं तर लाकडी खोकं. साड्या होत्या, ती नव्हती. दुसऱ्यांदा गेली असं वाटलं.

बिमलदांना विचारलं. ते म्हणाले, येतो की वास. ओठ मिटायचे आणि आतल्या आत जांभई द्यायची, जबडा खाली, जीभ खाली. नाकातनं थोडी हवा ओढली जाते. सभेत जांभई लपवतो ना, तशी. ते ही जांभई लिंबं फोडून शिकले होते. मी कांद्यावर शिकलो, मग आल्यावर, मग चहापत्तीवर.

कपाट उघडायला मात्र धीर होईना. नाही आला तर? एका सकाळी आंघोळ करून उघडलं. ओठ मिटले, जांभई दिली. काही नाही. परत दिली. तिसऱ्या-चौथ्याला आली. खोबरेल आधी, मग ती.

तेव्हा रडलो. गळा काढलेल्याला हुंदका येत नाही, नुसतं फडकं हलतं.

मला कळलं तेवढं

व्हिडिओ फोन चांगला की वाईट असं बिमलदांच्या, गळा गेलेल्यांच्या मंडळात पुष्कळदा निघतं. आमच्यासारख्यांना साधा फोन मेला, त्यामुळं हाच उरला. तोंड दिसतं, हात दिसतो, ठेंगा दिसतो. शिकवणी होते. डॉक्टरांना जखम दाखवता येते, पण रंगावर भरवसा ठेवू नका. माझा लाल झालेला गळा त्यांना फोनवर बरा दिसला, समोर गेलो तेव्हा औषध बदललं. उजेड बदलला की कस चुकतो, हे कुठलाही गलाईवाला सांगेल.

वाईट म्हणजे, त्यात सगळे एकदम बोलतात आणि ज्याला वेळ लागतो तो मागं राहतो. माणूस गप्प असला की अडकला समजतात. आणि आपण समोर आहोत असं लांबच्यांना वाटायला लागतं. नसतात ते समोर.

आमच्या मंडळाची बैठकही व्हिडिओवर होते. सगळे गळा गेलेले. तिथला नियम आहे. जो बैठक बोलावतो तो सगळ्यांचे आवाज बंद ठेवतो. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी बघायचं. आमचा आवाज बारीक, शब्दाशब्दाला हवा गिळावी लागते, घाई करून चालत नाही. कोणी मधे तोंड घालत नाही. माझ्या घरच्या बैठकीपेक्षा ह्या मुक्यांच्या बैठकीत माझं जास्त ऐकलं गेलं.

बैठक मी बोलावली

पूजा जवळ आली, गल्लीत मांडवाचे बांबू पडले. महेश तिकीट काढणार होता. त्या रविवारी मी प्राजक्ताला लिहून पाठवलं, आज बैठक मी बोलावणार. तिनं फक्त "बरं" लिहिलं. आमच्या घरात नीट मुरली आहे ती आता.

फोन चहाच्या डब्याला टेकवून निजायच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला. मफलर नव्हता. भोकावर धुतलेलं पांढरं फडकं. मागं शालनचं कपाट.

तिघं आले. महेशनं लगेच सुरू केलं, "अण्णा, बावीस तारखेचं तिकीट..."

मी बटण दाबलं. सगळ्यांचे आवाज बंद.

महेशचं तोंड चालू. मग कळलं तसा थांबला, फोन हलवून बघितला. नामाला काही कळलं नाही, त्याचं चालूच राहिलं, हातवारे, मिशी, सगळं. चालू दे म्हटलं. प्राजक्ता नुसती बघत होती.

मी उठून कपाट उघडलं. पुढं येऊन बसलो. हवा गिळली.

"महेश."

त्याचं तोंड उघडं राहिलं. नामाचे हातवारे थांबले. आवाज कसला म्हणाल तर बेडकाचा. पण माझा.

गिळली. "हे कपाट." गिळली. "आईचा वास." परत गिळली, अर्धी सांडली, परत घेतली. कोणी मधे बोलू शकत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोरानं माझं वाक्य पुरं होईपर्यंत वाट बघितली. "फोनमधनं. येत नाही."

घाम आला. बिमलदा म्हणतात, दमलास की थांब, लिलाव पळून जात नाही. थांबलो. पाणी प्यालो. ते तिघं पडद्यात अडकल्यासारखे, पण अडकलेले नव्हते. महेशच्या डोळ्यांची उघडझाप दिसत होती.

"मी इथंच."

एवढंच बोलायचं होतं. बाकीचं आदल्या दिवशीच प्राजक्ताला लिहून दिलं होतं. रोज सकाळी चहाच्या वेळी मी व्हिडिओ लावीन. नाही लावला तर वरच्या बौदींना फोन करायचा, किल्ली त्यांच्याकडं आहे. कफ साफ करायचं यंत्र खाटेशी, घंटा हाताशी.

मग मी त्यांचे आवाज सुरू केले.

नामानं पंच्यानं तोंड पुसलं. महेश खाली बघत होता. त्याच्या घरातला पंखा ऐकू येत होता, तो मात्र त्या डब्यानं काढून टाकला नव्हता.

मग महेशनं वर बघितलं. माझ्याकडं नाही, माझ्या मागं.

"अण्णा," म्हणाला, "कपाट उघडं ठेवू नका. उडून जाईल."

मी उठून दार लावलं.